कोल्ह्याचे डोळे

प्रिय छकुले,

एकाच घरात राहून तुला पत्र लिहितेय, म्हणजे ताईचं डोकं फिरलं असंच तुला वाटेल. पण मी खोलीत आले की तू "नंतर, ताई" म्हणून भिंतीकडे वळतेस आणि मीही दार ओढून परत फिरते. म्हणून हे दाराखालून सरकवतेय. वाटेल तेव्हा वाच.

रविवारी सकाळी मी कुठे जाते? आईला वाटतं, चष्म्याच्या दुकानात जास्तीचं काम निघालंय. खरं सांगू? वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकतेय. हस, खुशाल हस. लहानपणी माझ्या गाईला काका "टेबल छान जमलंय" म्हणाले होते, आणि टेबलाला शेपूट असते का म्हणून तू चिमुरडी त्यांच्याशी कडाकडा भांडली होतीस.

इथे पेन्सिल नाही की ब्रश नाही. पडद्यावर एक कासव असतं, त्याला लेखी हुकूम सोडायचे. शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, असं चारदा कर. ते चालतं तिथे रेघ उमटते आणि चौकोन तयार होतो. माझा पहिला चौकोन काही जुळला नाही, कारण नव्वदच्या जागी मी ऐंशी लिहिलं होतं. खोडायला गेले, तर आमची मास्तरीण (वयाने तुझ्याहून लहान, पण धाक केवढा!) म्हणाली, "थांबा, आता चारच्या जागी नऊ करून बघा." केलं. कासव इकडून तिकडे पळत सुटलं आणि नऊ टोकांचा तारा काढून, निघालं होतं बरोब्बर तिथेच येऊन थांबलं. मी ओरडलेच, छकुले. शेजारी बसणारे निवृत्त बसड्रायव्हर दचकले. त्यांच्या पडद्यावरच्या बसची चाकं तेव्हा टपावर होती. "जन्मभर वळणं घेतली, पण वळायच्या आधी अंश कुणी विचारले नव्हते," असं कुरकुरत ते चाकं खाली आणायच्या खटपटीत होते.

तुला वाटेल, या वयात हे खूळ कुठून आलं. जिन्यावरून पडलीस, उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं, बोटं नीट मिटेनात, तेव्हाही मला वाटत होतं की तू यातून उठशील. पण त्या दिवशी तू ब्रशांचा डबा खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकलास. शांतपणे, जुना स्वेटर द्यावा तसा. आई नळ सोडून रडत बसली, आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. दुसऱ्याच दिवशी मी वर्गात नाव घातलं.

मागच्या महिन्यात मी जरा मोठीच उडी मारली. तू चित्रं काढलेल्या पहिल्या पुस्तकातला तो लांब कानांचा कोल्हा काढायला घेतला. कान म्हणजे दोन त्रिकोण, तोंड म्हणजे आणखी एक, उलटा. शेपटीसाठी एकात एक वर्तुळं, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं लहान. एक कंस विसरले तर सगळा कोल्हा गायब, तो लिहिला की परत हजर! पण डोळे काही केल्या जमेनात. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारी मी, एका कोल्ह्याचे डोळे बसवताना घामाघूम झाले. जवळ घेतले तर तो लबाड दिसेना, लांब नेले तर ड्रायव्हरकाका म्हणाले, "याला कुणीतरी रागावलंय." मास्तरीणही बघत राहिली आणि म्हणाली, "हुकूम सगळे बरोबर आहेत. पण डोळे कुठे हवेत, ते मलाही सांगता येणार नाही. चित्र ज्याला दिसतं, त्यालाच ते कळतं."

आता या पत्राचं खरं कारण. पहिल्या दिवसापासून मी उजवा हात स्वेटरच्या खिशात ठेवून बसते. तारा, कान, शेपूट, सगळं मी एकट्या डाव्या हाताने केलंय. आधी मला बघायचं होतं, हे खरंच जमतं का. उगाच तुला आशा लावायची नव्हती. सुरुवातीला एकेक ओळ लिहिताना जीव जायचा. कंसासाठी दोन कळा एकदम दाबाव्या लागतात, तिथे तर मी रडकुंडीला यायचे. मग मास्तरणीने कॉम्प्युटरमध्ये अशी सोय करून दिली की त्या एकामागून एक दाबल्या तरी चालतात. म्हणजे जमतं, छकुले. हळू, पण जमतं. माझ्यासारखीला जमलं, तर तुझी गोष्टच निराळी. माझ्या शेजारची खुर्ची मी तुझ्यासाठी मागून ठेवलीय. या रविवारी चल. कुठे निघालात म्हणून आई विचारेलच. मी सांगणार आहे, ही मला शिकवायला चाललीय.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई