आधी घागर, मग चेहरा

१५ नोव्हेंबर १९५९
बायको जाऊन महिना झाला. सासू हंसाबाई काल आमच्या तांड्यावर आली होती. पोरीचा एक फोटो असता तर पाह्यला असता म्हणून रडली. मीच बोलून गेलो की फोटो कशाला, मी चित्र काढून देतो, होळीला घेऊन जा. मी मास्तर माणूस. भारताचा नकाशा फळ्यावर न बघता काढतो. चेहरा तर त्याहून लहान.

२२ नोव्हेंबर
ढाणकीचे ड्रॉइंग मास्तर सदाशिवराव यांना गाठलं. म्हणाले, आधी घागर काढा, तोंडाले इतक्यात हात नाही लावायचा. यांना माझं टॅलेंट ठाऊक नाही. घागर आजच उरकतो.

२३ नोव्हेंबर
उरकली नाही. डावीकडे सुजली. पेन्सिल निकृष्ट.

६ डिसेंबर
नवी पेन्सिल. आता घागर दोन्हीकडे सुजते, म्हणजे तोल जमला. याडी म्हणाली, कोहळा चांगला काढला. आईच असं बोलते, मग बाहेरच्यांनी काय बोलावं!

३ जानेवारी १९६०, सकाळ
सदाशिवराव खेकसले की कागदाकडे काय पाहून राह्यले, घागरीकडे पाहा ना! पाहिलं. जमली! काठ, सावली, पोचासुद्धा. ती रोज पाणी आणायची तीच ही घागर. डोळ्यांतून पाणी येत होतं. शेडिंगने डोळ्यांवर फार ताण पडतो.

१४ फेब्रुवारी
चेहरा सुरू. सासऱ्यासमोर सुनेने घुंगट घ्यायचा ही आमची रीत. वडील दिवसभर दारातच, त्यामुळे तिचा घुंगट कायम हनुवटीपर्यंत. तिने वाढावं, मी पेपरात डोकं घालून जेवावं. रात्री ती आवरून येईपर्यंत मी दिवा मालवून झोपलेला. ओढणीच्या घड्या, काठाचे आरसे, बांगड्या, सगळं फर्स्ट क्लास उतरलं. आतला चेहरा उद्या भरतो.

१५ फेब्रुवारी
शाळेत इन्स्पेक्शन. वेळ नाही.

२१ फेब्रुवारी
डोळे मोठे होते की लांबट? याडीला विचारलं. ती भडकली, म्हणे बायको तुही, मले काहून विचारतं? सणाची कामं आहेत, त्यामुळे चिडली असेल.

१४ मार्च, धुळवड
हंसाबाई आली. घुंगटाच्या चित्रावरून हात फिरवला. म्हणाली, ओढनी बराबर हाय, आता तोंड दाखवा. चेहऱ्याचा धडा व्हायचाय म्हटलं.

जावयासमोर सासूही घुंगट घेते. तिने तो मागे टाकला. म्हणाली, माह्याकडे पाहा जवाईबापू, पोरगी थेट माह्यासारखी होती, सुरकुत्या सोडून काढा.

मी पाहिलं. घागरीकडे पाहिलं होतं तसं, नीट. मग काढलं. हात एकदाही चुकला नाही.

हीच माही पोर, म्हणून हंसाबाईने चित्र छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. तिच्याकडून मागून घेऊन मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. फार बघितलं.

मला ती ओळखू आली नाही.