शेवटच्या दृश्याची जागा

८ सप्टेंबर

उन्हाळाभर तुला उघडलं नाही, माफ कर. सांगण्यासारखं सगळं गुपितात होतं, आणि गुपित कागदावरसुद्धा नको वाटायचं. आता लपवायला काही उरलं नाही.

आमची जागा फुटली!

कित्येक हिवाळे मी आणि ऑर्विल ती शोधत होतो. एका जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रपटाचं शेवटचं दृश्य आमच्याच वाळवंटात चित्रित झालं, एवढंच गावाला ठाऊक. नेमकं कुठे, कुणालाच नाही. हातात चित्रपटातला फोटो धरायचा आणि हिंडायचं, मागची डोंगररेषा फोटोतल्या रेषेवर बसेपर्यंत. मार्चमध्ये बसली. ऑर्विल टोपी काढून उभेच राहिले. सत्तरी उलटलीय, ही विद्या त्यांनीच मला शिकवली. तिथेच ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. उघड झालेल्या जागांवरून लोक आठवण म्हणून खडकाचे तुकडे फोडून नेतात.

काल मी तिथे गेले होते. गाडीच्या जाहिरातीचं चित्रीकरण होऊन गेलेलं. खडकात भोकं पाडलीत. नायक ज्या दगडाला टेकून मरतो, तो आडवा पडलाय.

जागा दोघांनाच माहीत होती. मी बोलले नाही.

९ सप्टेंबर

ऑर्विलना विचारलं. “पोरी, मी कशाला सांगेन?” एवढंच. मग खाली पाहत राहिले. अपराध्यासारखे! की मला तसं पाहायचं होतं?

११ सप्टेंबर

कॅफेत ग्लेना कॉफी ओतता ओतता म्हणाली, “अगं कोरा, म्हाताऱ्याच्या पोटात दोन पेले गेले ना, की तो घोड्यालासुद्धा गुपित सांगेल!” सगळे हसले. मी हसले नाही. पण ऑर्विलची बाजूही घेतली नाही.

१५ सप्टेंबर

गावच्या चित्रपट महोत्सवाच्या समितीची बैठक. चित्रीकरणाच्या जागा दाखवायला पाहुण्यांची पहिली बस दरवर्षी ऑर्विल नेतात. मी म्हटलं, “यंदा त्यांना नको.” कुणीतरी कारण विचारलं, तेही सांगितलं. ऑर्विलच्या समोरच.

ऑर्विल उठले. दारात थांबून म्हणाले, “ड्रायव्हरला सांगा, ओढ्याच्या वळणावर गाडी हळू घे. तिथली वाळू सरकते.” आणि गेले.

पुरावा काय होता माझ्याकडे? दोघांतून मी वजा झाले, उरले ते. यात चूक कुठे आहे? तरी जेवण गेलं नाही.

२ ऑक्टोबर

ऑर्विल रस्त्यात दिसले. टोपीला हात लावला, थांबले नाहीत. आधी बरं वाटलं. मग नाही वाटलं.

६ ऑक्टोबर

जाहिरातवाल्यांचा माणूस मी काम करते त्या चित्रपट संग्रहालयात आला. दगड पाडल्याबद्दल माफी मागायला. चांगला, पोक्त माणूस. मी विचारलं, “जागा कुणी दाखवली?”

“म्हणजे काय? तुम्हीच!” तो हसला. “संग्रहालयाच्या वेबसाइटवर तुमचा फोटो आहे ना, पिवळ्या फुलांत बसलेला? तुमच्या खांद्यामागे अख्खी डोंगररेषा आहे, बाई. आम्ही ती चित्रपटातल्या रेषेशी नुसती जुळवली, आणि तीच धरून तिथे पोचलो.”

वसंतात मीच टाकला होता. फुलं छान आलीत म्हणून.

उद्या महोत्सव. सकाळी, पहिली बस सुटायच्या आधी, ऑर्विलचं दार वाजवायचं.