त्रेसष्ट नंबरचं बटण

१ जानेवारी, सकाळ
ही रोजनिशी कुणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे. मोठा शोध लागणार असलेल्या वर्षात अक्षर गचाळ असून चालत नाही.

वीस वर्षं एकाच प्रोटीनच्या मागे आहे. त्रेसष्ट नंबर. पोट भरलं, आता खाणं थांबवा, असं मेंदूला सांगणारं बटण ते हेच. माझ्याशिवाय यावर कुणाचा विश्वास नाही, म्हणजे स्पर्धाही नाही. यंदा काही उंदरांमधून त्रेसष्टचं जनुक काढून टाकलं आहे. बटणच नाही म्हटल्यावर ते खात सुटणार आणि फुगणार. इतकं सोपं आहे.

संकल्प : वजन कमी करणे. माझं, उंदरांचं नव्हे.

४ जानेवारी
डायरेक्टरनी बोलावलं. म्हणाले, जूनअखेर काही दिसलं नाही तर तुमची लॅब अखंडरावांकडे जाईल. मी हसलो. ते हसले नाहीत.

अखंडराव म्हणजे हॉस्टेलमधला माझा रूममेट, आता वरच्या मजल्यावर असतो. प्राणी अखंड बघा, माणूस अखंड बघा, त्याचं घरदारही बघा, असं त्याचं चालू असतं, म्हणून हे नाव मी ठेवलं. प्रत्येक भाषणात हत्तीची आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतो. माझं म्हणणं, शेपूट घट्ट धरा. हत्ती जाईल कुठे?

९ जानेवारी
जेवण म्हणजे तरी काय? प्रोटीन, साखर, चरबी, मीठ. बाकी नुसत्या गप्पा. आजपासून दोन्ही वेळ पावडर. पाण्यात ढवळायची आणि लॅबमध्येच प्यायची. घरी जाण्यायेण्याचा वेळ वाचेल.

हिला सांगितलं. ही म्हणाली, मग मी टेबलावर कुणाचं तोंड बघत जेवू? मी म्हटलं, जेवताना तोंड बघण्याची शरीराला गरज नसते. यावर हिने एक ताट परत मांडणीवर ठेवलं. पटलं असावं.

१७ जानेवारी
प्रयोग सुरू. कोणत्या उंदरात त्रेसष्ट आहे आणि कोणत्यात नाही, हे फक्त शिष्येला माहीत. पीएचडी संपत आलेली हुशार मुलगी आहे, मीच घडवली. तिला बजावलं की मी पाया पडलो तरी सांगायचं नाही. निकाल सगळ्यांसमोर उघडायचा. ती म्हणाली, सर, नक्की ना? मी म्हटलं, विज्ञान म्हणजे विज्ञान.

२ फेब्रुवारी
उंदीर फुगलेले नाहीत. घाई नको.

माझा पट्टा मात्र एक भोक पुढे गेला. पावडरीने असं होणं शक्य नाही. कातडं आटलं असणार. दुपारची बिस्किटं मी धरत नाही, ती उभ्याने खाल्लेली असतात.

१४ फेब्रुवारी
गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या गोळीने पोटात आग पडली. पोटाच्या डॉक्टरांच्या गोळीने झोप उडाली. झोपेच्या डॉक्टरांची गोळी घेतली, तर पहाटे पेंगत उठलो आणि पडलो तो नेमका त्याच गुडघ्यावर. तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर आहेत. अशी माणसं हवीत.

१५ फेब्रुवारी
ही ओढत आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी गुडघा पाहिलाच नाही. विचारलं, जेवता कुणाबरोबर? मी म्हटलं, तुम्हाला रिपोर्ट दाखवू का? म्हणाल्या, रिपोर्ट राहू द्या, जेवता कुणाबरोबर ते सांगा. हिने छताकडे पाहिलं. अशा लोकांना डिग्री कोण देतं?

३ मार्च
उंदीर अजून बारीकच. सगळे. खातात, थांबतात, एकमेकांच्या अंगावर चढून झोपतात. वजनकाटा बदलून घेतला. नवा काटाही तसाच निघाला.

११ मार्च
सापडला! सात नंबर. प्राणीघरात गेलो तर तो पाठीमागून किंचित गोल वाटला. शिष्या म्हणाली, सर, तो फक्त अंग फुलवून बसलाय. तरुण नजरेला हे दिसायचं नाही. सात नंबरला वेगळ्या पिंजऱ्यात घालून माझ्या केबिनमध्ये आणलं, प्रिंटरशेजारी. शिष्या म्हणाली, एकटा ठेवायचा नसतो, नियम आहे. मी म्हटलं, नियम मीच केलेत. खरं तर मी केलेले नाहीत, पण तिने तारीख तेवढी वहीत टिपून ठेवली.

२९ मार्च
सात नंबर फुगतो आहे!! बाकीच्यांना मिळतं तेच खाणं, पण थांबतच नाही. मी पावडर पितो, तो खातो. मी बिस्किटं खातो, तो खातो. मध्येच वर बघतो. इतका समजूतदार सहकारी वीस वर्षांत मिळाला नव्हता.

शिष्येला कॉफी पाजून सहज विचारलं की सातमध्ये त्रेसष्ट नाही ना? म्हणाली, सर, तुम्हीच सांगितलं होतं की पाया पडलात तरी सांगायचं नाही. मी म्हटलं, अगं, पण मी पाया कुठे पडलो? कॉफी पिऊन निघून गेली. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

१२ एप्रिल
ही हल्ली संध्याकाळी घरी नसते. पलीकडच्या गल्लीत मेहुणीकडे जेवायला जाते. विचारलं तर म्हणाली, एकटीने ताट समोर घेतलं की घास उतरत नाही. तिथे म्हणे सगळे मिळून जेवतात, हसतात. एवढ्याशा कारणाने माणूस घर सोडून जेवायला जातो! मी काय जुगार खेळतो? मी पावडर पितो. लग्नाच्या बायकोने असा केसाने गळा कापावा, याचं वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बिस्किटांचा पुडा संपला.

६ मे
फितुरी उघडकीला आली. शिष्या वरच्या मजल्यावर अखंडरावाच्या खोलीत बसलेली दिसली. दोघं हसत होते. नंतर विचारलं तर सरळ म्हणाली, सर, मी आणखी दोन उंदीर एकेकटे ठेवून बघतेय, परवानगी काढलीय, तुम्हाला दोनदा सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा मी सात नंबरचं वजन करत होतो. वजन करताना मला ऐकू येत नाही, हे तिला माहीत असायला हवं.

अस्तनीतला निखारा. याच मुलीला मी पिपेट धरायला शिकवलं.

७ मे
अखंडराव जिन्यात भेटला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, अरे, शरीरात एक वाट बंद केली तर ते दुसरी काढतं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस, ये एकदा घरी जेवायला. लॅब गिळायला निघालेला माणूस जेवायला बोलावतो! मी म्हटलं, माझं जेवण खिशात असतं. पुडी काढून दाखवलीसुद्धा.

१९ जून
सात नंबरला आता कूस बदलताना त्रास होतो. मलाही. उद्या निकाल. नवा शर्ट आणला, एक साइज मोठा, म्हणजे वाढीला जागा राहील. भाषण तयार आहे. शेवटी हत्तीवर एक टोमणा घातला आहे.

हिला म्हटलं, ये. म्हणाली, येते. इतकी वर्षं सहन केलं आहेस, असं काहीतरी म्हणणार होतो, पण भाषणाचा दुसरा परिच्छेद पाठ व्हायचा होता.

२० जून, दुपार
शांतपणे लिहितो.

हॉल बराचसा भरला होता. पहिल्या रांगेत डायरेक्टर. त्यांच्यामागे अखंडराव आणि त्याच्या शेजारी माझी बायको. दुसऱ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी तिथेच.

मी सात नंबरला टेबलावर ठेवलं. लोक म्हणाले, बापरे. मी म्हटलं, बटण काढलं की हे असं होतं. शिष्येला खूण केली. तिने पडद्यावर नंबर उघडले. ज्यांच्यात त्रेसष्ट नाही ते सगळे उंदीर बारीक, ठणठणीत, प्राणीघरात मजेत.

सात नंबरमध्ये त्रेसष्ट होतं. पुरेपूर. कुणी त्याला हातही लावलेला नव्हता.

मी म्हटलं, लेबल चुकलं. शिष्या हळू आवाजात म्हणाली, सर, तीनदा तपासलं. मग तो इतका जाड का, असं डायरेक्टरनी विचारलं. शिष्येने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. तेव्हा ती म्हणाली, एकटा खात होता म्हणून. मी आणखी दोन तसेच ठेवले होते, एकात त्रेसष्ट होतं, एकात नव्हतं, दोघंही फुगले. परत सगळ्यांत सोडल्यावर उतरायला लागलेत.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ही माझ्याकडे बघत होती, माझ्या नव्या शर्टाकडे. मला तिथेच रडू आलं. हत्तीचा टोमणा राहून गेला.

२३ जून
लॅब अखंडरावाकडे. मला खालच्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागे टेबल. वीस वर्षं. प्रोटीनने फसवलं, शिष्येने फसवलं, वजनकाट्याने तर दोनदा फसवलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

शिष्या येऊन म्हणाली, सर, पेपरवर तुमचं नाव पहिलं टाकते, सात नंबरला एकटं ठेवायची कल्पना तुमचीच. मी म्हटलं, माझी अशी काही कल्पना नव्हती. नंतर वाटलं, थोडी होती.

८ जुलै
प्राणीघरात सहज डोकावलो. सात नंबरला बाकीच्यांत सोडलं आहे. बराच उतरला. कोपऱ्यात चार जणांच्या ढिगाखाली झोपला होता. मी बराच वेळ काचेवर बोट वाजवलं. एक डोळा उघडला आणि मिटला. इतके दिवस मी त्याच्यासमोर जेवलो, त्याचं हे फळ.

९ जुलै, रात्री साडेआठ
झेरॉक्स मशीनमागे पावडर ढवळली. तोंडाशी नेली आणि का कोण जाणे, बेसिनमध्ये ओतली. पावडर शिळी असावी.

घरी गेलो. कुलूप. मेहुणीकडे गेलो, फक्त किल्ली मागायला. बाहेरूनच चमच्यांचा आवाज आणि हिचं हसणं ऐकू आलं. हे हसणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. बेल वाजवावी की नाही हे ठरेना. मेहुणीनेच दार उघडलं. म्हणाली, अहो, आत या की, आम्ही आत्ताच उठलो, पण थोडं आहे शिल्लक. मी म्हटलं, भूक नाही. ही म्हणाली, बसा.

बसलो. उरलेलं सूप, ब्रेड, एक अंडं. ही हात धुवायला उठली होती, ती परत येऊन समोर बसली. कुणाच्या तरी गळक्या नळाबद्दल बहिणीशी बोलत राहिली. मध्येच माझ्या वाटीत मीठ घातलं.

एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी. ब्रेड अर्धा राहिला. बिस्किटं समोर होती, तरी घेतली नाहीत. पोट भरलं, खाणं थांबवा, असं वरून स्पष्ट कळलं. त्रेसष्ट काम करतं, ते हे असं! उद्या डायरेक्टरना सांगायला हवं.

ही शेवटपर्यंत समोर बसून होती. पण त्याचा इथे काही संबंध नाही.