हसू ओसरेपर्यंत

लेव्हन्शुल्म, मँचेस्टर
सोमवार, १५ ऑक्टोबर १९७३

प्रिय आई,

कंबर कशी आहे? आणि मावशीचा खोकला? सीझन संपल्यामुळे मोरकमला मावशीच्या लॉजमध्ये आता तुम्ही दोघी, रिकाम्या खोल्या आणि समुद्र, एवढंच उरलं असेल. चादरी तरी कमी धुवाव्या लागत असतील.

पत्त्यावरून कळलंच असेल, मी बाबाकडे आहे. फ्रान्समध्ये द्राक्षं तोडायला गेले होते ते तुला कार्डावर लिहिलं होतं, मिळालं का? तिथला मुकादम इतका खवट होता की बादली त्याच्या पायावर ओतून निघून आले. मग एका ट्रकवाल्याने बंदरापर्यंत सोडलं, त्याच्याकडे एक आंधळी मांजर होती आणि ती गिअरवर बसायची. ते जाऊ दे. दोन दिवस राहून पुढे जायचं असं ठरवून आले, आणि अजून इथेच आहे. का, ते मला विचारू नकोस.

बाबा मजेत आहे. जेवतो. त्याची टीव्हीवरची मालिका जोरात चालली आहे. बसमध्ये लोक त्याला "टॉपिंगसाहेब, जावयाचं घर कधी सोडताय?" म्हणून छेडतात. तू बघतेस की नाही ठाऊक नाही, म्हणून सांगते: आठवडाभरासाठी म्हणून मुलीकडे राहायला आलेला सासरा, तो जातच नाही, एवढीच गोष्ट. पण टोपी काढून तो सोफ्यावर बसला की जावयाचा चेहरा बघण्यासारखा होतो. या शुक्रवारी शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग आहे. पुढची मालिका करायची की नाही, आणि कोणाला घेऊन, ते त्यानंतर ठरेल.

थोडा विसराळू झालाय. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडते आणि हा तिच्या शेजारीच पेपर वाचत बसलेला. टीव्ही इतका मोठा लावतो की हॅलिवेलबाई पलीकडून झाडूच्या दांड्याने भिंत बडवतात. काल मी त्यांची माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "अगं, तुझ्या बापाला काय, आख्ख्या गल्लीला बातम्या सांगायच्यात?" वर केकही दिला. केक दगडासारखा होता.

जिन्यातला तुमचा दोघांचा स्टेजवरचा फोटो अजून तिथेच आहे. त्याच्या कानाला तो पत्र्याचा कर्णा आणि तू कंबरेवर हात ठेवून ओरडते आहेस. 'बहिरोबा आणि बायको.' त्यावरून आठवलं, सहज विचारते. तुमच्या त्या नकलेत लोक हसत असताना पुढचं वाक्य कधी टाकायचं, हे त्याला कसं कळायचं? ऐकून? की तुझ्याकडे बघून?

अगदी सहज. वेळ झाला तर कळव.

तुझी,
मर्ना

*

लेव्हन्शुल्म
बुधवार, १७ ऑक्टोबर

आई,

तुझं कार्ड सकाळीच आलं. एकच ओळ! "सहज काही विचारणाऱ्यातली तू नाहीस, त्याला काय झालंय ते सरळ लिही."

सरळ लिहिते. बाबाला ऐकू येत नाही.

थोडं कमी येतं असं नाही. समोर तोंड करून बोललं तर ओठांवरून ओळखतो, आणि इतक्या सफाईने की मलाही पहिले काही दिवस पत्ता लागला नाही. मला वाटलं माझ्यावर रागावलाय, म्हणून पाठीमागून मारलेल्या हाकेला ओ देत नाही. मग एकदा त्याच्या मागे पातेलं पडलं माझ्या हातून. आई, तो दचकलासुद्धा नाही.

तालमीत निभतं. चर्चच्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून सोफा, दार, जिना आखलेला असतो आणि सगळे एकमेकांच्या तोंडासमोर. संवाद त्याला सगळ्यांचे पाठ आहेत. गोची आहे ती शुक्रवारची. ते तुला मी काय सांगणार? वाक्य टाकायचं, हसू उठू द्यायचं, आणि ते ओसरायला लागलं की पुढचं वाक्य. आधी टाकलं तर हशात बुडतं, नंतर टाकलं तर मेलेलं. त्याला हसूच ऐकू येत नाही. दिसतही नाही, कारण डोळ्यांवर दिवे, मध्ये कॅमेरे, आणि लोक त्यामागे काळोखात.

गेल्या शुक्रवारी तो पुन्हापुन्हा हशावर बोलला. निर्माता जाइल्स, तिशीचा आहे आणि हल्ली दाढी वाढवलीय, वरच्या कंट्रोल रूममधून खाली येऊन म्हणाला, "विल्फ, एवढी घाई कसली? गाडी चुकतेय का?" बाबाने काय केलं असेल? मान डोलवून हसला. त्या दाढीतून एक अक्षर त्याला वाचता येत नाही! पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आता सगळ्यांना वाटतंय की तो पिऊन येतो.

मालिकेत बाबाच्या मुलीचं काम करते ती पॉलिन मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या बाबाला सांभाळ गं. जाइल्स म्हणत होता, या शुक्रवारी असंच झालं तर पुढच्या मालिकेच्या पहिल्याच भागात टॉपिंग मेलेला दाखवू. अंत्ययात्रेलाही लोक हसतात."

मी घरी येऊन बाबाला सांगितलं. अगदी तोंडासमोर, सावकाश. म्हटलं, डॉक्टरकडे चल, कानात घालायचं यंत्र मिळतं. तर म्हणाला, "आणि ते लावून मी लोकांसमोर जाऊ? बहिऱ्याची टिंगल करून घर चालवलं मी, पोरी. बहिरी माणसं पहिल्या रांगेत बसलेली असायची, आम्हाला दिसायची. आता मी खराच बहिरा झालो म्हटल्यावर लोक काय म्हणतील? म्हणतील, बरं झालं."

"कोणी असं म्हणणार नाही."

"मी म्हणेन ना."



म्हणून त्यानेच एक युक्ती काढलीय. मी पहिल्या रांगेत अगदी कडेला बसायचं, जिथे सेटचा उजेड सांडतो. अंगात माझं पिवळं जाकीट. हसू चाललंय तोवर माझा हात छातीवर. ओसरायला लागलं की हात मांडीवर. कालपासून स्वयंपाकघरात आम्ही तेच करतोय. रेडिओवर विनोदी कार्यक्रम लावायचा, मी हात वर-खाली, आणि बाबा ओट्याशी उभा राहून बटाटे सोलत संवाद म्हणतोय. मधेच माझं लक्ष खिडकीबाहेरच्या कुत्र्याकडे गेलं तर सालपट फेकून मारलं. "लक्ष कुठंय? तिथे मी उघडा पडेन!"

आई, मला एका जागी बसता येत नाही हे तुला माहीत आहे. शाळेतून त्यासाठीच काढलं होतं. चर्चमध्ये तू माझा फ्रॉक मांडीखाली दाबून धरायचीस. आणि हे काम माझ्यावर!

तू येशील का? परत राहायला ये असं म्हणत नाहीये, गैरसमज नको. फक्त शुक्रवारी संध्याकाळी माझ्या जागी बस. तुला त्याचा श्वास कळतो. तुझ्या नावाचं तिकीट दारावर ठेवते.

त्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

मर्ना

*

लेव्हन्शुल्म
शनिवार, २० ऑक्टोबर

आई,

तू आली नाहीस. दार लावेपर्यंत मी मागे वळून बघत होते. राग नाही. नाही, आहे थोडा, पण तो नंतर. आधी झालं काय ते ऐक.

सुरुवात झकास झाली. लोक खुशीत होते, कोणत्या तरी गिरणीतल्या बायकांचा आख्खा घोळका बसने आला होता. माझा हात छातीवर, माझा हात मांडीवर. बाबा एकदाही थेट माझ्याकडे बघत नव्हता, नुसती नजर घासून जायची. वाक्यं अशी बसत होती, जशी मी लहानपणी पडद्यामागून ऐकायचे. पॉलिनचा चेहरासुद्धा खुलला. मी हलले नाही. नाक खाजत होतं तरी.

मग शेवटचा प्रवेश. जावई एकदाचा धीर करून म्हणतो, आता तुम्ही जा. टॉपिंग वर जातो, बॅग भरतो, खाली येतो, दाराशी थांबतो. कोट घातलेला. वळून विचारतो, "रविवारी जेवायला किती वाजता येऊ?"

तालमीत यावर हॉलमधली चहावालीसुद्धा हसून दुहेरी व्हायची.

काल कोणी हसलं नाही.

वाक्य पडलं म्हणून नव्हे, आई. त्याने ते असं म्हटलं, जणू त्याला जायला खरंच दुसरं घर नाही. माझ्या मागे बसलेल्या बाईने पर्स उघडून रुमाल काढल्याचा आवाज मला आला, इतकं शांत झालं. आणि माझा हात? वाक्याबरोबर सवयीने छातीवर गेला होता, तो तिथेच. तो खाली आणायचा, एवढंच काम होतं. लगेच खाली आणला असता तर त्याला कळलं असतं की कोणी हसलेलं नाही. ते मला त्याला सांगवेना. हात हलेचना.

तो उभा. हातात बॅग. चेहऱ्यावर ते मऊ, वाट बघणारं काहीतरी, हसू ऐकताना असतं ना त्याचं, तसं. जे नव्हतंच ते ऐकत उभा होता तो. जावयाचं काम करणारा घाबरून पॉलिनकडे बघायला लागला. सेटवरच्या फ्लोअर मॅनेजरने कानावरचा हेडफोन घट्ट धरला. मला वाटलं आता वरून ओरडतील, थांबवा. 

शेवटी आणला खाली.

तो लगेच म्हणाला, "नाही, उशीर झाला की बटाटे गार होतात."

आई, छप्पर उडालं. बायका रडत हसत होत्या, पाय आपटत होत्या. हसू ओसरेचना. टाळ्या सुरू झाल्या, त्या संपेनात.

जाइल्स जिना उतरून धावतच आला. "विल्फ! तो थांबा! एवढा वेळ थांबायची छाती कोणाची आहे? पुढच्या मालिकेत मला प्रत्येक भागात एक असा थांबा पाहिजे. सोमवारी कागद घेऊन घरी येतो." बाबा दाढीकडे बघून मान डोलवत होता.

मेकअपच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. तोंडावरचं क्रीम पुसत आरशातून मला म्हणाला, "बॅगेच्या वाक्याला केवढं हसले ना! संपतच नव्हतं."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग सोमवारी तो सही करणार, आणि पुढच्या मालिकेत दर शुक्रवारी मी तिथे बसून काय काय खोटं सांगणार? मी आरशासमोर, त्याला ओठ दिसतील अशी उभी राहिले.

"कोणीच हसलं नाही, बाबा."

"कोणीच?"

"एकसुद्धा नाही. बायका रडत होत्या."

"मग हात का नाही खाली आणलास?"

"आणवला नाही."

त्याने रुमालाची घडी घातली. मला वाटलं आता चिडेल. तर म्हणाला, "एवढ्या शांततेत मी उभा होतो? मला ऐकू येत असतं तर तिथेच मेलो असतो भीतीने." आणि उठला. कोट घातला. "चल. ते पोरगं सोमवारी यायच्या आत त्याला सांगून टाकतो. फसवून सही नाही करायची."

मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

खालच्या बारमध्ये सगळे होते. जाइल्स, पॉलिन, कॅमेरेवाले. बाबाने टेबलावर ग्लास ठोकला. सगळे गप्प झाले. तो म्हणाला, "मंडळी, एक गोष्ट सांगायची राहिली. मला ऐकू येत नाही."

आणि सगळे हसले.

हसले म्हणजे कसे! पॉलिनच्या नाकातून बिअर आली. तो परत म्हणाला, "खरंच सांगतो. काही ऐकू येत नाही मला." एकाने कागदाची सुरळी करून त्याच्या कानाला लावली. कॅमेरेवाला बायकी आवाजात ओरडला, "अहोऽऽ! चहा घेता का?" तुझा आवाज, आई. तुझी नक्कल करत होता तो. जाइल्स त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लहानपणी आजीबरोबर बघायचो मी हे तुमचं! विल्फ, हेही घेऊ पुढच्या मालिकेत!"

मी ओरडले, "अहो, तो खरं सांगतोय!" तर माझ्यासाठीही टाळ्या. बाप तशी लेक म्हणे.

बाबाला आवाज ऐकू येत नव्हता, पण उघडी तोंडं दिसत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. हसतायत का, हे नव्हतं विचारायचं त्याला. थांबतील कधी, एवढंच. मी त्याचा हात धरला आणि बाहेर आणलं.  आज सकाळी उठून अंडी तळली, मला वाढली, आणि म्हणाला, "सांगून बघितलं ना? आता सही करतो. तू बसशील पहिल्या रांगेत."

मी होकार दिला नाही. पण नाहीही म्हटलं नाही. स्पेनला एका हॉटेलात काम मिळालंय मला, पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. हे पहिल्या पत्रातच लिहायला बसले होते, आणि लिहिता लिहिता ट्रकमधल्या मांजरीकडे गेले. निघाले तर तो उघडा पडेल. राहिले तर तो जन्मभर माझ्या हाताकडे बघत उभा राहील. डॉक्टरकडे काही जायचा नाही.

सोमवारी दुपारी जाइल्स येणार. बाबाने सांगितलं तर तो हसेल. मी सांगितलं तर हसेल. हॅलिवेलबाईंनी सांगितलं तरी त्याला वाटेल आम्ही शिकवून ठेवलंय. मी सकाळपासून एकेक माणूस डोळ्यांसमोर आणतेय, आणि एकच उरतं. रंगमंचावर त्याच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं तू बोललीस आणि तुझ्या एकाही वाक्याला कधी कोणी हसलं नाही. सगळं हसू त्याच्या वाट्याला. त्यापायी तू हे घर सोडलंस, हे आपण कोणी कधी बोललो नाही, पण मला ठाऊक आहे. त्यालाही असावं.

आई, या घरात आता असं माणूस हवंय, ज्याने तोंड उघडलं की लोक हसायचे थांबतात आणि ऐकतात. सोमवारी ये. जाइल्सला एकदाच सांग आणि परत जा. बाबाला मी हे कळवलेलं नाही. दार मी उघडेन, कारण बेल त्याला ऐकू येत नाही.

तुझी मुलगी, आणि तू येईपर्यंत त्याचे कान,
मर्ना