सहा देशांचा ड्रायव्हर

वुडलँड्स, सिंगापूर
रविवार, ११ मे २०१४

तीर्थरूप मनोहरकाका आणि सौ. काकू,

दोघांनाही पद्माकरचा वाकून नमस्कार (कंबरेत उसण भरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलो, उरलेला दिवाळीला साताऱ्यात येऊन पुरा करीन). आम्ही तिघेही मजेत आहोत. तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले हे वाचून बरे वाटले. काकूंच्या टाचेचे दुखणे कसे आहे? तिकडचा उन्हाळा आता महिन्याभरात संपेल. आमच्याकडे तो संपायची पद्धतच नाही.

तुम्ही विचारले आहे की युरोपच्या मोटारप्रवासाचे कुठवर आले. शिवाय बागेतल्या बाकावरच्या सगळ्या मंडळींना तुम्ही सांगून टाकले आहे, की आमचा पद्या सहा देशांतून मोटार हाकणार आणि त्याला मोटार मी शिकवली. काका, हे वाक्य वाचल्यापासून मला घास गोड लागत नव्हता. गेल्या रविवारपासून लागतो आहे, म्हणून खरे ते लिहायला बसलो.

खरे असे, की मला गाडी चालवता येत नाही. परवाना आहे, एकोणीस वर्षांचा, तुमच्याच जीपवर शिकून मिळवलेला. इथे आल्यावर तो बदलूनही घेतला (लेखी परीक्षेत पन्नासपैकी पन्नास, लेखी परीक्षेत आपण कधी हरलो आहोत?). पण इथे मोटार बाळगणे म्हणजे हत्ती पोसणे, आणि एमआरटीचे (इथल्या मेट्रोचे) स्टेशन घरापासून सात मिनिटांवर. अकरा वर्षांत मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, आणि त्याआधी लावत होतो तेव्हाही भीतभीतच लावत होतो, हे तुम्हाला कधी सांगितले नाही.

मग हे झाले कसे? ऑफिसातला शैलेंद्र असाच प्रवास करून आला आणि आमच्या घरी जेवायला येऊन त्याने चारशे फोटो दाखवले. तीनशेव्या फोटोपाशी मी बोलून गेलो, की त्यात काय, आम्हीही जूनच्या सुट्टीत जाणार आहोत. जाईने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या वर्गाला कळले, की माय पापा ड्रायव्हिंग सिक्स कंट्रीज. पोरगी बारा वर्षांची आहे. अजून एखाद-दोन वर्षेच तिला बापाचे कौतुक वाटणार. ते मला घालवायचे नव्हते.

तेव्हा मी तेच केले, जे मला येते. चांगी बिझनेस पार्कात बसून बँकेची प्रोजेक्टे जशी चालवतो तसे हे चालवायला घेतले. एक्सेलची फाइल उघडली. नऊ पाने, तेवीस आवृत्त्या. दर रविवारी दहा वाजता डायनिंग टेबलावर आढावा बैठक, हजेरी सक्तीची. धोक्यांची यादी लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत: पासपोर्ट हरवणे, टायर फुटणे, आल्प्समध्ये दरड कोसळणे, काकूंचे मेतकूट कस्टममध्ये अडकणे. एकेचाळीस धोके लिहिले. बेचाळिसावा धोका रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा, तो लिहिला नाही. आतून मला आशा होती, की प्लॅन इतका अवाढव्य होईल की प्रवास आपोआप बारगळेल.

व्हिसाच्या वेळी ती आशा जवळजवळ फळाला आली. बारा रात्री, सहा देश. मी सगळ्यांना दोन-दोन वाटल्या होत्या, कुणी रुसायला नको (लग्नात दोन्हीकडच्या आहेरात फरक करायचा नाही, ही आपली शिकवण). वकिलातीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारले, तुमचा मुख्य देश कोणता, म्हणजे सर्वांत जास्त रात्री कुठे? मी म्हटले, आम्हाला सगळे सारखेच. त्यांनी अर्ज परत केला. मी आनंदाने घरी आलो. जाईने फाइल पाहिली आणि म्हणाली, "पापा, लक्झेंबर्ग कट वन नाइट, गिव्ह स्वित्झर्लंड. सो easy lah." दोन दिवसांत अर्ज मंजूर.

मग युरोपातल्यासारखी गाडी उजव्या बाजूने चालवायचा सराव करणे भाग पडले. मॉलमध्ये मी सगळीकडे उजवीकडून चालू लागलो. सरकत्या जिन्यावर इथे सगळे डावीकडे उभे राहतात. मी उजवीकडे ठाण मांडले, तर एका चिनी आजींनी पिशवीने ढोसून मला माझ्या जागी नेऊन उभे केले. शेवटी घरातच सोय केली. पुढे चाकांची दोन स्टुले, मागे दोन, हातात कुकरचे झाकण. शेजारी जाई नकाशा घेऊन, मागे नीता मेथी निवडत. डायनिंग टेबल हा चौक. मी सलग तिसऱ्यांदा टेबलाला उलट्या बाजूने वळसा घातला आणि फ्रिजवर आदळलो.

नीता मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "उठा हो, मी बसते."

काका, ती बसली. आधी नसलेला आरसा नीट केला, नसलेला पट्टा लावला, मागे वळून पाहिले आणि टेबलाला असा सुरेख वळसा घातला की फ्रिजला धक्काही लागला नाही. हे कुठे शिकलीस म्हणून विचारले, तर पर्समधून परवाना काढून टेबलावर ठेवला. ऑक्टोबरपासून शिकत होती, दोनदा नापास झाली, मार्चमध्ये पास. मी योगाच्या क्लासचे कौतुक करत होतो, तो हा क्लास! म्हणाली, इकडे येण्याआधी खंबाटकी घाटात तुम्ही इंजिन तापले म्हणून गाडी बाजूला घेतली होती ना, मी बॉनेटला हात लावून पाहिला होता. गार होते.

म्हणजे अकरा वर्षे तिला माहीत होते, आणि अकरा वर्षे तिने एका शब्दाने टोचले नाही. मला हसू आले, मग डोळ्यांत पाणी आले, आणि मग सपाटून भूक लागली. जाईला सांगितले की ममा चालवणार, तर ती म्हणाली, "ममा? Wah, even better!" एवढ्यासाठी मी सात महिने झुरत होतो. आता मी नकाशा धरणार, टोलची नाणी काढून देणार, संत्री सोलणार. इतके हलके मला बारावीचा निकाल लागल्यावरही वाटले नव्हते.

काकूंना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
पद्माकर

ता. क. तुम्हाला खोटे पाडायचे नाही. थांबलेल्या गाडीत स्टिअरिंगमागे बसून मी एक फोटो काढून घेईन. तो बाकावर दाखवावा आणि जास्त काही बोलू नये.

ता. क. २. खाली नीतासाठी जागा सोडली आहे. काकूंना दोन ओळी लिहून पाकीट तीच टाकेल.

ती. काका, काकूंना वेगळे लिहीन, हे तुम्हालाच. गेल्या मंगळवारी मी भाड्याच्या गाडीचा फॉर्म भरला. ड्रायव्हरचा परवाना किमान एक वर्ष जुना लागतो. माझा दोन महिन्यांचा आहे. ह्यांचा एकोणीस वर्षांचा आहे, तेव्हा ह्यांचेच नाव घातले आणि पैसेही भरले. सात जूनला निघायचे आहे. आठ दिवस झाले, ह्यांना किती शांत झोप लागते आहे, म्हणून माझ्याने सांगवत नाही. पत्र मिळताच फोन करून तेवढे तुम्ही सांगाल का?

सौ. नीता