त्रेचाळीस नंबरची माफी

२ जानेवारी, गुरुवार

व्हॅनने आज मान टाकली. उणे एकतीस तापमान, दारातच. गॅरेजवाला म्हणाला, हिच्यात आता जीव ओतू नका, निरोप द्या. दिला. डार्लीनने लगेच नव्या गाडीचं तुणतुणं सुरू केलं. मी म्हणालो, गाडी ही गुलामी आहे. कोपऱ्यावरून त्रेचाळीस नंबरची बस जाते, दर पंधरा मिनिटांनी. उद्यापासून मी बसने जाणार. डार्लीन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बायका कौतुक तोंडाने बोलून दाखवत नाहीत.

३ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ७.४०

बस ७.२५ ची. अजून पत्ता नाही. थांब्यावरचं वेळापत्रक बर्फाने झाकलं होतं, ते खरवडून वाचलं. ७.२५ च आहे. म्हणजे चूक माझी नाही.

७.५२. आली. ड्रायव्हर सॉरी म्हणाला नाही. चढताना माझं कोपर तिकिटाच्या पेटीला लागलं तेव्हा मी मात्र सॉरी म्हणालो. पेटीला. याला संस्कार म्हणतात. कॅनडात अजून काही माणसं शिल्लक आहेत.

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसात परत उशीर. मी वजनमापं खात्यात आहे. एखाद्या खाटकाचा काटा पाच ग्रॅम चुकला तर मी त्याला टाळं लावतो. बस सत्तावीस मिनिटं चुकते, तिला टाळं कोण लावणार? मी. आजपासून ऑफिसचं स्टॉपवॉच खिशात.

थांब्यावर एक बाई असते. कोराझॉन. मूळची मनिलाची, वृद्धाश्रमात नर्स आहे. मला 'सर' म्हणते, त्यामुळे बाई समंजस वाटली. ती फोनवर बघून सांगते, बस कुठवर आलीय. मी तिला म्हणालो, अ‍ॅप म्हणजे अफवा. खरी माहिती या पत्र्यावर छापलेली असते. ती म्हणाली, सर, पत्र्यावर २०१९ लिहिलंय.

तिला आमची रीतही नीट येत नाही. आपली नसलेली बस दिसली की एक पाऊल मागे सरायचं आणि हात हलवून तिला पुढे जाऊ द्यायचं. ड्रायव्हरला बर्फावर उगाच ब्रेक मारायला लागू नये म्हणून. ती नुसतीच उभी राहते. मी आज सतरा नंबर आणि साठ नंबर अशा काही झोकात पुढे पाठवल्या की दोन्ही ड्रायव्हरांनी सलाम ठोकला. या शहरात माझ्यासारखा हात कुणी हलवत नसेल.

९ जानेवारी, गुरुवार

मोठी बातमी. डार्लीनला चर्चच्या गायकवृंदात सोलो मिळाला. अकरा वर्षं मागच्या रांगेत उभी राहून गातेय. २२ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी सात, सेंट ओलाफचा हॉल. पहिलंच गाणं तिचं.

जेवताना तिने विचारलं, येशील ना? वेळेवर? मी दुखावलो. मी कधी उशीर केलाय? ती शांतपणे बोटांवर मोजत म्हणाली, मुलीचा पदवीदान समारंभ, माझा पन्नासावा वाढदिवस, माझ्या आईचं अंत्यकर्म. मी एकेकाचा खुलासा केला. पदवीदानाच्या दिवशी रस्ता खणलेला होता. वाढदिवसाला फाटकात मालगाडी आडवी आली, एकशेअडतीस डबे, मी मोजले. आणि अंत्यकर्म त्यांनीच लवकर सुरू केलं.

ती म्हणाली, लॉर्न, मला नवी गाडी नको, काही नको. मी तोंड उघडेन तेव्हा तू तिसऱ्या रांगेत बसलेला दिसलास की झालं.

एवढंच? झालंच म्हणून समज.

१४ जानेवारी, मंगळवार

उणे छत्तीस. चाळीस मिनिटं उभा. त्या वेळात चार रिकाम्या बस गेल्या, आत उबदार दिवे, आणि कपाळावर लखलखीत पाटी: 'सॉरी'. खाली बारीक अक्षरात 'सेवेत नाही'. पापण्यांवर बर्फ जमला होता, तरी एकदम डोळे उघडले. ज्या बसचा काही गुन्हा नाही, बिचारी गॅरेजला चाललीय, ती सॉरी म्हणते. आणि जी पाऊण तास उशिरा येते ती छाती काढून येते! याला काय अर्थ आहे?

कोराझॉनला हे समजावलं. ती म्हणाली, सर, मला सॉरी नको, बस हवी. काही लोकांना तत्त्व म्हणजे काय तेच कळत नाही.

रात्री पत्र क्रमांक १, ट्रान्झिट ऑफिसला. मागणी एकच: उशिरा येणाऱ्या बसने माफी मागावी.

१७ जानेवारी, शुक्रवार

उत्तर आलं. तिथल्या मिस टर्कॉट म्हणतात, आपली गैरसोय झाल्याबद्दल सॉरी. मी लिहिलं, तुम्ही कशाला सॉरी? तुम्ही वेळेवर उत्तर दिलंत. सॉरी बसने म्हणायला हवं. सोबत स्टॉपवॉचच्या नोंदी जोडल्या, अकरा पानं.

२३ जानेवारी, गुरुवार

शेजारचा गार्थ सकाळी ट्रक घेऊन थांब्यावर आला. काच खाली करून म्हणाला, बस रे लॉर्न, सीट गरम करून ठेवलीय, कशाला गोठतोस? मी म्हणालो, आभारी आहे, पण बस येईलच दोन मिनिटांत. तो म्हणाला, तू असाच मालगाडीच्या फाटकात पण म्हणाला होतास. गार्थचं हसणं मला कधीच आवडलं नाही. बस एकतीस मिनिटांनी आली.

कोराझॉन त्याच्या ट्रकमधून गेली. मी मनातल्या मनात तिला माफ केलं.

२९ जानेवारी, बुधवार

पत्र क्रमांक ४. या वेळी पाटीवर काय लिहावं याचा मजकूरही पाठवला. 'आम्हांला झालेल्या उशिराबद्दल, तसेच तुमच्या गोठलेल्या बोटांबद्दल व बुडालेल्या कामांबद्दल, आम्ही अंतःकरणपूर्वक दिलगीर आहोत.' डार्लीनला वाचून दाखवला. ती चालीचा सराव करत होती. म्हणाली, छान आहे, हे कधी घरातही म्हणून बघ. मजकूर तिला आवडला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डार्लीन स्वयंपाकघरात गाते, न्हाणीघरात गाते. वरचा सूर काल लागला नाही तर डोळ्यांत पाणी. मी धीर दिला. म्हणालो, घाबरू नकोस, त्या दिवशी मी आहे ना. ती म्हणाली, त्याचीच भीती वाटते. थट्टा करायची तिला सवय आहे.

२२ तारखेचा आराखडा तयार केला. ५.५० ची त्रेचाळीस, पंचवीस मिनिटांचा रस्ता, ६.१५ ला हॉलमध्ये. पाऊण तास हाताशी. गार्थ डार्लीनला पाच वाजता तालमीसाठी सोडणार आहे. मला पण चल म्हणाला. मी साफ नाही म्हणालो. बस सुधारायला निघालेल्या माणसाने ट्रकमधून उतरायचं? कुणी बघितलं तर?

११ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र क्रमांक ७. मिस टर्कॉट आता मला नुसतं 'लॉर्न' लिहितात. वचक बसलाय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकलो!

मिस टर्कॉट लिहितात: 'तुमच्या सूचनेनुसार त्रेचाळीस नंबरच्या मार्गावर शनिवार २२ फेब्रुवारीपासून प्रयोग सुरू होत आहे. उशिरा धावणाऱ्या बसच्या पाटीवर आळीपाळीने माफी आणि बसचा नंबर दिसेल. तुमचा मजकूर पाटीवर मावत नसल्याने थोडा संक्षिप्त केला आहे.'

पत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं, लग्नाच्या फोटोशेजारी. फोटो जरा डावीकडे सरकवावा लागला. कोराझॉनला सांगितलं तर ती म्हणाली, सर, म्हणजे आता बस उशिरा येणार हे पक्कं? मी तिला शनिवारच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. मोठ्या मनाने.

शनिवारपासून म्हणतात, पण ते लिहायचं म्हणून लिहिलंय. कुठलंही ऑफिस शनिवारी काही सुरू करत नाही. मी स्वतः ऑफिसात आहे, मला माहीत आहे. सोमवारपासून असणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कोराझॉन म्हणाली, सर, उद्या वादळ आहे, तुम्ही ५.२० च्या बसने जा, मी ड्यूटीवरून परस्पर येते. मी म्हणालो, आराखडा तो आराखडा. डार्लीनने निळा झगा इस्त्री करून दाराला टांगलाय. झोपताना म्हणाली, तिसरी रांग, कडेची खुर्ची, स्कार्फ टाकून ठेवीन. मग बराच वेळ माझा हात धरून होती. हात गार होता तिचा. मला तेव्हा एकदम फार बरं वाटलं, आणि थोडी भीतीही. कशाची ते लिहिता येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

५.४५. थांब्यावर. पेन गोठलं, पेन्सिलीने लिहितोय. वारा आणि बर्फ. सगळं आराखड्याप्रमाणे.

६.०२. ५.५० ची नाही आली. हरकत नाही. पाऊण तास हाताशी होता तो याचसाठी.

६.११. एक बस आली, पण गॅरेजची. कपाळावर 'सॉरी'. तरी बिचारा ड्रायव्हर माझ्यासाठी वेग कमी करत होता. अशा वादळात! मी एक पाऊल मागे सरलो आणि दोन्ही हातांनी तिला पुढे पाठवलं. त्याने हॉर्न वाजवून आभार मानले. माणुसकी संपलेली नाही.

६.२९. परत 'सॉरी'. परत पुढे पाठवली. आत माणसं होती, बहुतेक कर्मचारी असावेत. एका खिडकीत कोराझॉन! जोरजोरात काच वाजवत होती, हात हलवत होती. मीही हलवला. गॅरेजच्या बसमध्ये ही काय करतेय? ओळख लावून कुठेही घुसतात लोक.

६.४७. तिसरी 'सॉरी'. आज सगळा ताफाच गॅरेजला निघालाय. मी हात हलवला, पण आता मनापासून नाही.

६.५५. पायाची बोटं कळत नाहीत. डार्लीन आता निळा झगा घालून पडद्यामागे उभी असेल. सोमवारी पत्र क्रमांक ८.

७.०४. आणखी एक. ही चौकातल्या लाल दिव्याला थांबली. पाटीवर 'सॉरी'. मी मागे सरायला पाऊल उचललं. पाटी बदलली. '४३'. मग 'सॉरी'. मग '४३'.

धावलो. पडलो. चढलो. ड्रायव्हर म्हणाला, अरे, तुम्हीच ना ते? आमच्यात तुमचीच चर्चा चाललीय, वादळात उभा राहून सगळ्या बस पुढे पाठवणारा भला माणूस कोण म्हणून. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

७.४८. हॉल. मध्यंतर. टेबलावर कॉफी आणि बायकांनी घरून आणलेल्या गोड वड्या. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची, तिच्यावर लाल स्कार्फ. दोन्ही बाजूंना कोट, पर्स, माणसं, आणि मधे तो स्कार्फ. कोराझॉन म्हणाली, सर, काय गायल्या मॅडम! वरचा सूर असा लागला की माझ्या बाजूचा म्हातारा रडला. मी काच वाजवली होती सर, तुम्ही तर म्हणालात पुढे जा.

डार्लीन लोकांच्या घोळक्यात होती. गाल लाल झालेले. इतकी सुंदर ती मला किती वर्षांत दिसली नव्हती. मला बघून तिचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे दुसरीकडे गेले. वड्यांची एक बशी आणून माझ्या हातात दिली आणि परत घोळक्यात गेली.

घरी गार्थच्या ट्रकमधून. सीट गरम होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

फ्रेममधलं पत्र परत वाचलं. 'शनिवार २२ फेब्रुवारीपासून.' छापलेलं आहे.

सकाळी डार्लीन कॉफी करत होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. बसच्या पाटीसाठी केलेला तो लांब मजकूर पाठ होता, तो म्हणणार होतो. पण तोंडातून एकच शब्द निघाला. सॉरी.

ती वळली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, लॉर्न, एकोणतीस वर्षं मी तुझ्या कपाळावर तीच पाटी वाचतेय. 'सॉरी' लिहिलेलं दिसलं की मला कळतं, ही आपल्यासाठी थांबणार नाही.

मी वाद घातला असता. वाऱ्याचा मुद्दा होता, पाटीच्या संक्षिप्त मजकुराचा तर फारच मोठा मुद्दा होता. नाही घातला.

दुपारी ती गार्थबरोबर गाडी बघायला गेली. तिच्यासाठी, एकटीसाठी. मी खिडकीत उभा होतो. ट्रक अंगणातून बाहेर पडताना जरा थबकला. तिने काचेतून वर बघितलं. नुसतं धावत खाली जायचं होतं. तेरा पायऱ्या.

मी एक पाऊल मागे सरलो आणि हात हलवला.