इंजिन अजून पेटत नाही

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस म्हणून रागावली आहेस. अगं, उचलतो, पण चाळीस वर्षं कारखान्यात लेथपाशी काढल्यावर कानांत एवढंच उरलंय की पलीकडे माणूस बोलतंय की भांडी घासतंय ते कळत नाही. तेव्हा पत्रच बरं. ही गेल्यापासून घरात बोलणारंच कोणी नाही, त्यामुळे न ऐकण्याची फारशी अडचणही होत नाही.

कायमचा राहायला ये म्हणतेस. येतो, पण हातातलं एक काम संपवून. माझी ती हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी रेसची गाडी आठवते? तिचं इंजिन ग्लोचं. म्हणजे डोक्यात बारीक तारेचा प्लग असतो, तो बॅटरीनं लाल करायचा, मग मिथेनॉलचं इंधन पेटतं. ते इंधन विकणारा दुकान बंद करून मुलाकडे निघून गेला. म्हणून मी इंजिन डिझेलवर आणतोय. पंपावरचं डिझेल नव्हे हं. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण. प्लगवालं हेड काढून दुसरं बसवायचं, त्यात खाली-वर सरकणारी एक चकती आणि वर स्क्रू. स्क्रू आवळला की आतली जागा कमी होते आणि नुसत्या दाबानं इंधन पेटतं. हेड मी लेथवर काढलंय, छान उतरलंय.

ईथर मात्र तुझ्या खात्यातलं. तीस वर्षं कॉलेजची रसायनशाळा सांभाळलीस, तर ते कसं ठेवायचं ते लिही. गाडी एकदा धावली की घराला कुलूप आणि मी तुझ्या दारात. शब्द देतो.

लोभ आहेच, त्याला गंज लागू देऊ नकोस.

तुझा
खटपट्या


१४ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. आ.

ईथर तपकिरी बाटलीत, घट्ट बुचाखाली, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेव. त्याची वाफ जड असते, जमिनीवरून सरपटत जाऊन लांबचा विस्तव गाठते, तेव्हा त्या खोलीत काडीसुद्धा ओढायची नाही. बाटलीवर उघडल्याची तारीख लिही. मिश्रण थोडं थोडंच कर, नाहीतर ईथर उडून जाईल आणि तू नुसतं रॉकेल घालून इंजिनाला शिव्या देत बसशील. एरंडेल म्हणे! लहानपणी चमचाभर दिसलं की माळ्यावर चढून बसायचास, आता बाटलीनं विकत आणतोस.

मागची खोली रिकामी केली आहे. शिलाई मशीन बाहेर काढलं, पलंग खिडकीशी लावला. मुलगा आणि सून सकाळी आठला जातात ते रात्री आठला येतात. दोघं चांगली आहेत, माझी काही तक्रार नाही. दुपारी मी रेडिओ लावते. तो सगळं सांगतो, विचारत काही नाही.

जेवत जा वेळेवर. इथे वाट पाहिली जाते आहे, हे लक्षात असू दे.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान धरूनच लिहितोय. मिश्रण केलं, टाकी भरली, आणि घाई केली. स्क्रू जास्त आवळला होता, त्यात सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं. फिरवताना अडकलं, मी जोर लावला आणि आतला, पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला. द्रव दाबला जात नाही हे मला काय कोणी शिकवायला हवं? पण दोन महिने एखाद्या गोष्टीची वाट पाहिली की हात ऐकत नाहीत. आता नवा रॉड कानस मारून काढतो आहे. पंधरा दिवस तरी जातील.

खालच्या मजल्यावरच्या वेल्डरनं विचारलं की वर कसला दवाखान्यासारखा वास येतोय. मी खूश झालो. बरेच दिवसांनी कोणी जिना चढून आलं होतं.

मुलाला नि सूनबाईंना आशीर्वाद. तुझी माया आहे तेवढी असू दे, जास्त दिलीस तरी परत करणार नाही.

तुझा
खटपट्या


११ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. आ.

वाकला तर वाकला, तुझी बोटं शाबूत आहेत ना? आता प्रयोगशाळेच्या शिस्तीनं कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाव फेरा आवळायचं, फिरवून बघायचं, वहीत लिहायचं. वही मला पाठव.

रोज संध्याकाळी मी पत्रांचा डबा बघायला खाली उतरते. लिफ्ट आहे, पण जिन्यानं जाते, तेवढाच वेळ जातो. सूनबाई म्हणाली की तुम्ही हल्ली कोणाची तरी वाट बघता असं दिसतं. मी म्हटलं, कनेक्टिंग रॉडची. ती बिचारी गोंधळली.

जपून राहा. चादर नवी घातली आहे.

तुझी
ताई


८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इंजिन अजून पेटत नाही. नवा रॉड बसवला, मग चकतीभोवतीची रबरी रिंग गळायला लागली. ती बदलली, तर ईथर उडून गेलेलं. नवं मिश्रण केलं, तरी नाही. तू म्हणालीस तशी वही ठेवली आहे, तिची पानं सोबत आहेत. रोज पाव फेरा आवळतो, वीस झटके देतो, काही होत नाही. तुला काय वाटतं? ईथर वाढवू का? की एरंडेल कमी करू? सविस्तर लिही, घाई नाही.

बाकी ठीक. मागची दोन्ही टायरं महिन्याभरात पार गुळगुळीत झालीत. तशी बाजारात मिळत नाहीत, म्हणून जुन्या ट्यूबचं रबर कापून चिकटवलं. पुढची अजून चांगली आहेत.

एवढ्यात काही येणं जमेल असं दिसत नाही. रागावू नकोस, उत्तर मात्र धाड.

तुझा
खटपट्या


१८ मार्च

खटपट्या,

आशीर्वाद शेवटी, जमलं तर.

आमच्याकडे काही मुलं प्रयोग न करता घरी बसून आकडे लिहून आणायची. वह्या तपासायचे सर, पण त्यांच्या आधी मला कळायचं. खरे आकडे जरा वेडेवाकडे असतात, खोटे फार शहाण्यासारखे वागतात. तुझे तसे आहेत. रोज बरोबर पाव फेरा, रोज बरोबर वीस झटके. आणि मला सांग, डिझेलवर आणल्यापासून ज्या गाडीचं इंजिन एकदाही पेटलं नाही, तिची मागची टायरं महिन्याभरात झिजली कशी?

गाडी धावते आहे. कधीपासून, ते लिही. यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतंस. दोन महिने मी दर आठवड्याला त्या रिकाम्या पलंगाची चादर बदलते आहे. मला वाईट वाटलं, आणि ते लपवणार नाही.

ताई


२९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, या वेळी अक्षरशः.

२१ फेब्रुवारीला पेटली. दुसऱ्याच झटक्याला. आवाज असा की मलाही स्वच्छ ऐकू आला. गच्चीवर नेली आणि टाकी रिकामी होईपर्यंत चकरा मारल्या. प्लग नाही, बॅटरी नाही, काही नाही, नुसता दाब. मग कोणाला तरी सांगावं म्हणून मागे वळलो. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या.

त्याच दुपारी तुला पत्र लिहायला बसलो. इंजिन चाललं, एवढं लिहिलं आणि लक्षात आलं की पुढचं वाक्य येतो हेच लिहावं लागेल. कागद फाडला. ताई, तुझ्याकडे मी काय करणार? सोफ्यावर बसणार, सूनबाई काही विचारणार, मी न ऐकताच हो म्हणणार. सगळे माझं करणार आणि मी करून घेणार. मला अजून माझं माझं जमतं. कोणाच्या गळ्यात पडायला नको वाटतं.

आणि दुसरं कारण, लाज सोडून लिहितो. आधी तुझी वर्षाला दोन पत्रं यायची. इंजिनाचं काम काढल्यापासून दर महिन्याला यायला लागली. ते दुरुस्त झालं असं कळवलं असतं तर तू मला काय लिहिलं असतंस?

खोटं बोललो. माफ कर म्हणायचा हक्क आहे की नाही कोण जाणे, तरी म्हणतो.

खटपट्या


९ एप्रिल

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद, मागचे बाकी धरून.

राग उतरला. वर्षाला दोनच पत्रं यायची ती माझ्या आळसानं, तुझा त्यात दोष नाही.

तुझं तुला जमतं हे मला ठाऊक आहे. तुला सांभाळायला बोलावते असं तुला वाटलं, आणि मी वाटू दिलं, कारण तसं लिहिणं सोपं होतं. खरं आता सांगते. गेल्या डिसेंबरात मुलगा आणि सून कामासाठी परगावी गेले होते. चार दिवस मी एक शब्द बोलले नाही. पाचव्या दिवशी मुलाचा फोन आला, तर घशातून आवाजच फुटेना. तो म्हणाला, आई तुला सर्दी झाली आहे. मी हो म्हटलं. मी घाबरले आहे रे. मोठी बहीण असून धाकट्याला हे लिहायचं म्हणजे हात जड होतो. तुला सोबत हवी म्हणून नव्हे, मला हवी म्हणून बोलावत होते.

नाहीच यायचं तर नको येऊस. पत्रं तेवढी खरी लिही.

तुझी
ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे जानेवारीतच का नाही लिहिलंस? इंजिन तसंच उघडं टाकून निघालो असतो.

३० तारखेचं तिकीट काढलं आहे, फक्त येण्याचं. लेथला ग्रीस लावून झाकून ठेवलं. उरलेलं ईथर एका कॉलेजच्या रसायनशाळेत देऊन आलो. किल्ली वेल्डरकडे. तो म्हणाला, आता वर कोणाकडे जाऊ?

पत्र पोचेल तेव्हा चार-पाच दिवस उरले असतील. तोवर रोज कोणाशी तरी बोल. दूधवाल्याशी बोल, नाहीतर भांड.

आगगाडी १ मेला पहाटे पोचते. पत्ता माहीत आहे, माझा मी येऊ शकतो. पण तू स्टेशनवर ये. मला न्यायला कोणीतरी आलेलं हवं आहे.

तुझा
धाकटा